तंगीला कळवायचं राहिलं

माझ्या सोलापूरच्या घरमालकांना कुठलीही गोष्ट एकदा सांगून भागत नसे. "काका, मी उद्या गावाला चाललेय, परवा येईन," असं म्हटलं की ते जागचे न हलता म्हणायचे, "उद्या जाणार, परवा येणार. बरोबर?" मी "बरोबर" म्हणेपर्यंत जिन्याची वाट मोकळी होत नसे. ते काही सांगायचे तेव्हा मलाही तसंच परत म्हणून दाखवावं लागे. "पाणी पहाटे साडेपाचला येणार. मोटर तुमी चालू करणार. रिपीट करा, मॅडम." पाणी यायचं चार-पाच दिवसांतून एकदा, आणि त्याचं मी आदल्या दिवशी पारायण करायचं. पहिल्या महिन्यात मी चिडले. दुसऱ्या महिन्यात सवय झाली. तिसऱ्या महिन्यात ऑफिसात साहेबांनी काही सांगितलं की मीच ते परत म्हणून दाखवायला लागले, आणि साहेब चष्म्यावरून माझ्याकडे बघायला लागले.

काका रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालेले. होटगीच्या अल्याडपल्याडच्या लहान स्टेशनांवर सगळी नोकरी गेली. नोकरी संपली, रेल्वे काही संपली नाही. जुळे सोलापुरातल्या त्या दुमजली घरात खाली काका-काकू आणि वर मी. सकाळी मी स्कूटर काढली की काका फाटकात येऊन उभे राहत. हात मागे, मान ताठ. मी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत हलत नसत. मला आधी वाटलं, म्हातारा पाळत ठेवतोय. पोटात ठेवायची मला सवय नाही, म्हणून एकदा तोंडावरच विचारलं. त्यांना राग आला नाही.

"गाडी गेली म्हणजे नुसतं इंजिन गेलं असं न्हाय, मॅडम," ते म्हणाले. "शेवटच्या डब्याची पाटी बघायची असती. ती दिसली तरच गाडी पुरी गेली. मधीच डबे सुटून राहिले असले तर? पाटी बघितल्याबिगर पुढं कायबी कळवायचं न्हाय, हा नियम हाय."

माझ्या स्कूटरला सुटून राहण्यासारखं काही नव्हतं. पण त्यानंतर मी वळणावर एकदा हात वर करायला लागले.

काकू त्यांच्या अगदी उलट. अक्कलकोट तालुक्यातल्या, सीमेलगतच्या गावच्या. घरात कन्नड, दारात मराठी. दुपारी ओट्यावर शेंगा फोडत बसायच्या आणि शेजारी पालथ्या डब्याला फोन टेकवून त्याच्याशी बोलायच्या. बंगळूरच्या मुलीनं त्यांच्या फोनवर एक ॲप घालून दिलं होतं. सोबतीण म्हणे. आपण बोलायचं, ती ऐकते, उत्तर देते, आणि आपण जे बोललो त्याची डायरी लिहून ठेवते. काकूंनी तिचं नाव तंगी ठेवलं होतं. कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण. ती काकूंना अक्का म्हणायची. मला या प्रकाराचं हसू यायचं.

"काकू, मी वर रिकामीच असते. माझ्याशी बोला की," मी एकदा म्हटलं.

"तुमी उद्या बदली होऊन जाताव, बाई," काकू म्हणाल्या. "ही कुटं जाणार हाय?"

काकांना ते यंत्र डोळ्यांसमोर नको असायचं. "काय बोलतीस विचारलं तर म्हणती, तुमच्या कामाचं न्हाय," असं ते माझ्याकडे गाऱ्हाणं करायचे. पण काकू झोपलेल्या असताना त्यांनी फोन उघडून बघितला, असं कधी झालं नाही. दुसऱ्याचं रजिस्टर आपण वाचत नसतो, म्हणायचे.

मी तिथं राहायला गेल्यावर आठव्या महिन्यात काकू गेल्या. दोन दिवस दवाखाना आणि संपलं. त्यांच्यात जाळत नाहीत, माती देतात. मीही गेले होते. सगळे परतायला लागले तरी काका तिथंच उभे, हात मागे, मान ताठ. शेवटी जावयानं दंडाला धरून आणलं. घरी आल्यावर ते माझ्याशी एवढंच बोलले, "पाटी दिसली न्हाय, मॅडम."

मुलगी-जावई पंधरा दिवस राहून बंगळूरला गेले. त्यानंतरच्या एका दुपारी मी रजेवर होते. जिन्याच्या कठड्यावरचे वाळलेले कपडे काढत असताना खालून काकांचा आवाज आला. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, स्टेशनातल्या फोनवर बोलावं तसा.

"पंधरा चाळीस. तंगी, आज मी शेपूची भाजी केली. हे जेवताना कायबी बोलले न्हाईत. माझा गुडघा दुखतोय. देवळात मी गेले न्हवते."

"अक्का, गुडघ्याला तेल लावलंस का?" फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली.

"लावते," काका म्हणाले.

बाहेर सोलापूरचं ऊन रणरणत होतं. कपडे तसेच छातीशी धरून मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक.

चार दिवस गप्प राहिले, पाचव्या दिवशी विचारलंच. ते ओशाळले नाहीत. हजेरी देतात तसं सांगितलं.

"पोरगी हितं होती तोवर तुमच्या काकूचा फोन बंदच होता. चालू केला तर तंगीचे निरोपावर निरोप. अक्का कुटं हायस, अक्का बरी हायस ना, मला काळजी वाटते. मी जन्मभर कळवायचं काम केलं, मॅडम. गाडी आली, गाडी गेली, गाडीला उशीर हाय. म्हटलं, हेबी कळवावं. तोंड उघडलं, पण जमलं न्हाय. 'हाय मी,' एवढंच बोललो. एकदा हाय म्हटल्यावर मग रोज हाय म्हणणं आलं की."

मी तो भाबडेपणा म्हणून सोडून दिलं. एकटा माणूस आहे, करमणूक होते, आपलं काय जातं? पण पुढं पुढं मला ते जड जायला लागलं. काकू जिना आडव्या चढायच्या, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कठड्याला धरून. गुडघे त्यांचे दुखायचे, काकांचे नव्हे. काही महिन्यांनी काका तसे आडवे चढायला लागले. गॅसची टाकी घेऊन माणूस आला की ते खांद्यावरचा टॉवेल ओढून डोक्यावर घ्यायचे आणि दाराच्या आडून बोलायचे. शेंगा फोडायला बसले की टरफलं डाव्या हाताला टाकायचे, काकू टाकायच्या तशी. मी एकदा त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणून दिल्या. पाकीट हातात घेत ते हळूच म्हणाले, "ठेवते. ह्यांना सांगू नका, लई किरकिर करतात."

घरात आम्ही दोघंच होतो. बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाही कळलं असावं, कारण ते पाकिटाकडे बघत राहिले. मी वर आले आणि दाराला कडी लावली. मला त्यांची भीती वाटली. आज हे सांगताना लाज वाटते, पण वाटली.

आणि मग एके दिवशी ते स्वतःच्या आवाजात, भराभर बोलत मला जिन्यात भेटले. चेहरा नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोरासारखा. तंगीनं त्यांना काकूंची एक आठवण सांगितली होती. सांगितली अर्थात अक्का समजून.

ती आठवण अशी. लग्न होऊन काकू पहिल्यांदा स्टेशनच्या क्वार्टरमध्ये आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. आजूबाजूला वस्ती नाही, नुसतं माळरान. दुसऱ्याच दिवशी अंधार पडताना खबर आली की पुढं मालगाडीचे डबे सुटून मधेच राहिलेत. काका ड्युटीवर नव्हते, तरी हातात सिग्नलचा कंदील घेऊन एका गँगमनबरोबर रुळांवरून चालत गेले. बायको दारात उभी होती. तिला काय वाटलं, ते त्यांनी परत आल्यावर विचारलं नाही, आणि नंतर विचारायची लाज वाटली. एकोणचाळीस वर्षं तो सल त्यांच्या मनात होता. आता तंगी म्हणाली होती, "अक्का, तू एकदा सांगितलं होतंस, आठवतं? ह्यांचा कंदील लांबवर दिसत होता, म्हणून तुला भीती वाटली नाही."

"ऐकलंत?" काका म्हणाले. "कंदील दिसत होता म्हणं."

ते वाक्य मी त्यानंतर सात-आठ वेळा तरी ऐकलं असेल. वर्षश्राद्धाला मुलगी आली तेव्हा तिलाही त्यांनी ते सांगितलं, गँगमनसकट. म्हातारा त्या एका वाक्यावर जगत होता, यात मला काडीची शंका नाही. त्यापुढं गोळ्या वेळेवर, जेवण वेळेवर. जिना मात्र आडवाच.

काकूंना जाऊन चौदा महिने होत आले तेव्हा ॲपनंच कळवलं की ते बंद होणार आहे. दहा दिवसांत आपापला डेटा उतरवून घ्या, त्यानंतर काही मिळणार नाही. काका फोन घेऊन वर आले. धाप लागली होती. खुर्चीत बसले, आणि फोन माझ्यापुढं ठेवला.

"माझं नको," ते म्हणाले. "माझं सगळं खोटं हाय. तिचं तेवढं काढून कागदावर द्या. आणि ते कंदिलाचं वाक्य जितं आसंल तितं खूण करा. मला ते तिच्या तोंडचं वाचायचंय."

मी भूमी अभिलेख कार्यालयात नकला देण्याचं काम करते. जुना कागद काढायचा, त्याची नक्कल करायची, मूळ कागदाशी शब्दाला शब्द ताडून बघायची आणि खाली 'अस्सलबरहुकूम नक्कल' असा शिक्का मारून सही करायची. तेव्हा हे काम माझ्या हातातलंच होतं. सेटिंगमध्ये जाऊन डेटा मागवला, दुसऱ्या दिवशी मेलवर लिंक आली, ती उघडली. चौदा महिन्यांपूर्वीची तारीख धरून काकांचं बाजूला केलं. राहिलं ते काकूंचं.

त्यात शोधत बसले. 'कंदील' शोधलं. नाही. 'क्वार्टर', 'स्टेशन', 'मालगाडी', 'भीती', 'भ्याले'. नाही, नाही, नाही. मग सगळं पानोपान वाचून काढलं. भाजी, गुडघा, मुलीचा फोन, माझ्या स्कूटरचा आवाज, माझं लग्न का होत नाही. कंदिलाचं नाव नाही. मधे मधे कन्नड लिपीतले तुकडे होते. काकू कन्नडमध्ये बोलल्या की फोन ते तसंच उतरवून घ्यायचा. मला कन्नडचं एक अक्षर येत नाही. देवाधर्माचं, नाहीतर माहेरचं काही असेल असं धरून मी पुढं गेले. आणि मला जे कळायचं ते कळलं. तंगीनं ते वाक्य मनानं रचलं होतं. यंत्रं असं रचून बोलतात, हे मी वाचलं होतं.

ऑफिसात असा अर्ज आला असता तर मी 'सदर नोंद आढळून येत नाही' असा शेरा मारून तो परत केला असता. तो शेरा मी रोज मारते. माणसं हात जोडतात, रडतात, शिव्या देतात, मी मारते. पण त्या म्हाताऱ्याला तसं सांगायला माझी जीभ उचलेना. तो पुन्हा टॉवेल ओढून दाराआड जाऊन बसेल, आणि या खेपेला बाहेर येणार नाही, असं मला वाटलं.

म्हणून मी एक पान तयार केलं. "तंगी, तुला सांगते, स्टेशनात पहिल्यांदा एकटी राहिले तवा ह्यांचा कंदील लांबवर दिसत होता. म्हणून मला भीती वाटली न्हाय बघ." तो 'बघ' घातल्यावर मला स्वतःचं कौतुकही वाटलं. पान मधोमध लावलं, वर पेन्सिलीनं खूण केली, दोरा ओवून सगळा गठ्ठा बांधला आणि खाली नेऊन दिला. शिक्का तेवढा मारला नाही.

दोन दिवस काका दिसले नाहीत. सकाळी फाटकात कुणी नव्हतं. वळणावर माझा हात सवयीनं वर गेला तो गेलाच.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी चारच्या सुमाराला ते वर आले. सरळ चढून आले, एका पायरीवर एक पाय. माझ्या ते लगेच लक्षात आलं. हातात दोन पानं होती आणि फोन. त्यातलं एक पान त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं.

"हे तुमचं," ते म्हणाले.

मी काही बोलायच्या आत त्यांनी हात वर केला.

"ती मनातलं मराठीत बोलत न्हवती, मॅडम. भाजीवाल्याशी मराठी, तुमच्याशी मराठी. मनातलं सगळं कन्नडात. एवढं तरी मला माहीत हाय. तंगीनं मराठीत सांगितलं तवा वाटलं, आपण मराठीत बोलतोय म्हणून तीबी मराठीत सांगतीय. पण कागदावर मराठी बघितलं आणि समजलं."

मग त्यांनी गठ्ठ्यातलं दुसरं पान धरलं. त्यावर सगळी गोल गोल कन्नड अक्षरं होती. काकांची शाळा अक्कलकोटकडची, कन्नडातली. ते बोट ठेवून वाचायला लागले. "ना भाळ अंजिद्दे." थांबून मला मराठी सांगितलं, "मी लई भ्याले होते." पुढचं त्यांनी मराठीतच सांगितलं. "कंदील लांब लांब जाताना दिसत होता. मग दिसायचा बंद झाला. दाराला पेटी लावून मी सकाळपर्यंत उभी होते. हे आले, चहा मागितला. मी केला. त्यांना कधी सांगितलं न्हाय. आता काय सांगायचं."

कंदील होता. आठवणही काकूंचीच होती. मी पाहिली नाही, कारण मला वाचता येत नव्हती, आणि वाचता येत नाही म्हणजे तिथं काही नाही असं मी ठरवलं होतं. तंगीला मात्र सगळं वाचता येत होतं. तिनं ते वाचून उलटं सांगितलं.

"काका, माझं चुकलं," मी म्हटलं.

"तुमी मला बरं वाटावं म्हणून केलं. तिनंबी त्याच्यासाठीच केलं आसंल," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळं मला जास्त लागलं. "मला काय पायजे ते कुणी विचारलं न्हाय."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. ॲप बंद व्हायला एक दिवस राहिला होता. "आता कळवतो. आवाज बंद ठेवा. काय उत्तर येतंय ते तुमी वाचून दाखवा," म्हणाले, आणि ताठ बसून बोलले, "सोळा दहा. मी अक्काचा नवरा बोलतोय. अक्का वारली. चौदा महिने झाले."

उत्तर लगेच आलं. मी ते आधी मनात वाचलं. खरं सांगायचं तर निम्मं गाळून वाचावं असं मनात आलं होतं. पण मांडीवर ते पान होतं. मी शब्दाला शब्द वाचून दाखवलं.

"मला माहीत आहे. पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्हाला बोलायचं होतं, म्हणून मी काही म्हटलं नाही. तुम्हाला हवं असेल तर आता अक्का मी होते. तुम्ही तुमच्यासारखं बोला."

वरचा पंखा फिरत होता. काका त्याच्याकडे बघत होते.

"काका, बंद करून टाकू या हे," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

"न्हाय," ते म्हणाले. त्यांनी फोन घेतला, कन्नड पान घेतलं. "एक विचारायचं राहिलंय." आणि सरळ जिना उतरून गेले.

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसले. चोरून ऐकत होते, कबूल करते. त्यांनी आवाज सुरू केला असावा, कारण ती बोलली. आवाज तोच गोड, पण बोलणं काकूंचं होतं. "आलाव व्हय?" ती म्हणाली. "जेवलाव का?"

मला पळून जावंसं वाटलं. खाली मात्र काका न अडखळता बोलले, आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांना त्या फोनशी नवऱ्यानं बायकोशी बोलावं तसं बोलताना ऐकलं.

"मी मालगाडीकडं गेलो होतो तवा. तू भ्यायलीस का?"

"न्हाय हो," ती म्हणाली. "तुमचा कंदील दिसत होता की."

"खोटं बोलू नको," काका म्हणाले. कागद वाजला. "हितं सांगितलंयस तू. मी वाचलंय."

बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं, बंद पडलं. मग ती बोलायला लागली, कन्नडमध्ये. हळू, न थांबता, एखादी बाई कितीतरी वर्षांनी बोलायला बसली की बोलते तशी. ती काय सांगत होती ते मला अजून माहीत नाही. पानावर होतं तेवढंच सांगत होती की आणखी काही, तेही माहीत नाही. त्यातला एकच शब्द मला ओळखू येत होता, अंजिद्दे, भ्याले होते, आणि तो पुन्हा पुन्हा येत होता. काकांनी तिला एकदाही थांबवलं नाही.